रंग बघून अंगणवाडी जोखू नका

आज भाताचं नाही, पोरांचं लिहितोय.

महाड-पोलादपूरच्या बाजारात एकच ऐकायला मिळतं, "शहरातली अंगणवाडी भारी, आपली वाडीवरची काय कामाची?" आणि तीन वर्षांच्या पोरासाठी लोक तालुक्याला खोली घेतात. भारी कशावरून? भिंतीवरची चित्रं आणि एबीसीडी! अहो, लावणीला रोप घेताना आपण मूळ बघतो ना?

खाऊचा सरकारी दर शहराला वेगळा, वाडीला वेगळा नाही. २०१७ साली केंद्रानं ठरवला तो एका पोराला दिवसाला ८ रुपये. तेवढ्यात स्टँडवर चहा येत नाही. भांडायचं तर त्यावर भांडा.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढं अनुताई वाघांसोबत कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन आदिवासी पोरं शिकवली. ते सगळं आपल्या वाडीवर फुकट आहे. नाही तो ताईंकडं वेळ. नोंदी, सर्वेक्षणं, मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर, त्यात दरीत रेंज नाही. कामं लादायची आपण आणि शिकवत नाही म्हणून बोंबलायचं पण आपणच!

पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. वजनकाटा चालू आहे का? पटावर किती आणि रोज हजर किती? ताई पोरांसोबत खरोखर किती वेळ बसतात? हेच तीन शहरातल्या अंगणवाडीलाही लावा, मग तुलना करा.

पट घसरला तर उद्या वाडीवरच्या अंगणवाडीसाठी भांडायला तोंड राहणार नाही.