सूर्य सर्वांचा, छप्पर कोणाचे?

कोळसा आणि खनिज तेल आज ना उद्या संपणार. पाणी, वने, वारा आणि सूर्यप्रकाश ही मात्र अक्षय संपत्ती आहे, असा समज सुशिक्षित वर्गात रूढ होत चालला आहे. या समजाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध तपासून घ्यावयास हवा. निसर्ग जी संपत्ती पुन्हा भरून काढतो ती अक्षय असतेच असे नाही. भरून येण्याचा तिचा एक वेग असतो. उपशाचा वेग त्याहून वाढला म्हणजे झरे जिवंत असलेली विहीरही कोरडी पडते. सूर्यप्रकाशाला ही मर्यादा नाही हे खरे. परंतु त्याची वीज करावयाची तर जागा लागते, भांडवल लागते आणि तारांचे जाळे लागते. या तिन्ही गोष्टी मर्यादित आहेत आणि त्यांची वाटणी विषम आहे. तेव्हा प्रश्न संपत्तीच्या विपुलतेचा नसून व्यवस्थापनाचा, म्हणजेच नियमांचा आणि हक्कांचा आहे. याचा प्रत्यय घ्यावयाचा तर यंत्रमागांच्या भिवंडीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

नदीचे भांडवल

भिवंडीलगत वाहणारी कामवारी नदी पुढे वसईच्या खाडीस मिळते. नदीचे पाणी ही संपत्ती आहे हे सर्वांस मान्य असते. परंतु मिसळलेली घाण पचवून स्वतःला पुन्हा शुद्ध करण्याची नदीची शक्ती हीदेखील एक संपत्तीच आहे, आणि तीही ठरावीक वेगानेच भरून येते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. रंगाई-धुलाईचे सांडपाणी आणि वाढत्या वस्तीचा मैला यांनी ही पचनशक्ती ओलांडली, की नदीचे गटार होते. कामवारीच्या बाबतीत हेच घडले. पाणी प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ सालचा आहे. म्हणजे कायद्याचा अभाव हे काही या दुर्दशेचे कारण नव्हे.

तामिळनाडूतील तिरुपूरचा धडा या संदर्भात आठवावा. तेथील होजिअरी उद्योगाने नोय्यल नदीत रंगीत पाणी सोडले; खालच्या अंगाचे ओरथुपालयम धरण शेतीला पाणी देण्याऐवजी शेतकऱ्याचा शाप होऊन बसले. अखेर २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने शेकडो रंगाई कारखाने एकदम बंद झाले, आणि ज्यांनी एक थेंबही नदीत सोडला नव्हता अशा शिलाई कामगारांचा रोजगार प्रथम बुडाला. निसर्गाचे कर्ज थकले म्हणजे त्याची वसुली कर्जदाराकडूनच होते असे नाही. ती सर्वांत दुबळ्याकडून होते.

बॉयलरचे लाकूड

लाकडाचीही गोष्ट निराळी नाही. उभ्या सुताला खळ चढवून ते वाफेच्या उष्णतेवर वाळविल्यावाचून मागावर लावता येत नाही. हे काम सायझिंगचे कारखाने करतात आणि त्यांच्या बॉयलरमध्ये लाकूड जाळण्याची रीत जुनी आहे. लाकूड कोळशाप्रमाणे संपणारे नाही, म्हणून ते निर्दोष, असा युक्तिवाद केला जातो. जळणाऱ्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढत असेल तरच तो खरा ठरतो. वीस वर्षांत वाढलेले झाड बॉयलरमध्ये पाहता पाहता राख होते. प्रत्येक कारखानदार लाकूड बाजारभावाने विकत घेतो. पण त्या भावात तोडणी असते, वाहतूक असते, दलाली असते. नव्या झाडाच्या वीस वर्षांची किंमत मात्र नसते. ज्याची किंमत कोणी मोजत नाही ते वारेमाप वापरले जाते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

छपराचा हिशेब

मग सूर्याकडे वळावे, हे ओघानेच येते. भिवंडीचे आणि विजेचे नाते तसेही जुने व तंट्याचे आहे. २००७ च्या जानेवारीत येथील वीजवितरण राज्याच्या वितरण कंपनीने टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे सोपविले, तेव्हा शहरात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते. पुढील काही वर्षांत हे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरले. वीजही एक सामाईक संपत्ती आहे आणि मीटर, रोहित्र, हिशेब यांची शिस्त नसेल तर तिचीही लूट होते, एवढे यातून सिद्ध झाले.

सौरऊर्जेचा प्रवेश या पार्श्वभूमीवर झाला. यंत्रमागांसाठी केंद्र सरकारने आखलेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा आरंभ १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच झाला. लहान यंत्रमागधारकाने सौरसंच बसविल्यास सर्वसाधारण वर्गास ५० टक्के, अनुसूचित जातींस ७५ टक्के व अनुसूचित जमातींस ९० टक्के अनुदान, अशी तीत तरतूद होती. हेतू स्तुत्य होता. तथापि हिशेब मांडून पाहिला म्हणजे अडचण कोठे आहे हे उमगते.

आठ मागांचा एक कारखाना घ्या. मागास एक अश्वशक्तीची मोटर धरल्यास सहा किलोवॅट वीज लागते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालल्या तर दिवसाचे १४४ युनिट होतात. धागा तुटणे, बीम बदलणे असा खोळंबा वजा केला तरी सुमारे शंभर युनिट खर्ची पडतात. एक किलोवॅटच्या सौरसंचास साधारण शंभर चौरस फूट निर्वेध छप्पर लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आठ मागांच्या शेडचे छप्पर आठशे चौरस फुटांचे असेल, तर मिळकत बत्तीस युनिटांची. म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्शाची. आषाढ-श्रावणात तीही घटणार, आणि रात्रपाळीला तर सूर्य नाहीच.

शिवाय छप्पर पुष्कळदा जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे. त्यावर संचाचा भार टाकणे धोक्याचे. त्याहून मोठी अडचण मालकीची. अनेक लहान विणकर दुसऱ्याच्या शेडमध्ये भाड्याने, व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने कापड विणतात. भाडेकरूने पंचवीस वर्षांचे भांडवल दुसऱ्याच्या छपरावर का गुंतवावे? आणि ज्याच्या नावावर जागा नाही त्याला बँकेने अनुदानापलीकडचे कर्ज कशाच्या तारणावर द्यावे? मालकाला तरी घाई कोठे आहे? विजेचे बिल भाडेकरू भरतो.

यात सवलतीच्या वीजदराची भर पडते. यंत्रमागाला स्वस्त वीज देण्याचे राज्याचे धोरण समर्थनीय आहे, कारण या धंद्यात नफा पैशांत मोजावा लागतो. परंतु ग्रीडची वीज जितकी स्वस्त, तितकी सौरसंचातील बचत कमी. सरकार एका हाताने सौरसंचासाठी अनुदान देते आणि दुसऱ्या हाताने त्याची गरज कमी करते. सवलतीचा खर्च मात्र दरवर्षी नव्याने तिजोरीवर पडतो.

गोदामांकडे पाहावे

आता शहराबाहेर नजर टाकावी. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दुतर्फा, पूर्वीच्या भातखाचरांवर, देशातील एक मोठे गोदामक्षेत्र पसरले आहे. मैलोगणती सपाट छपरे आहेत. आतील मालाला वीज फारशी लागत नाही. एक लाख चौरस फुटांच्या एका गोदामाचे निम्मे छप्पर जरी वापरले, तरी दिवसाला सुमारे दोन हजार युनिट वीज निर्माण होऊ शकते. वर मांडलेल्या मापाने ती वीस कारखान्यांची, म्हणजे १६० मागांची पूर्ण गरज होय. जेथे ऊन आहे तेथे वापर नाही, आणि जेथे वापर आहे तेथे छप्पर नाही, अशी ही विसंगती आहे. ती दूर करण्याचा मार्ग हिशेबाचा आहे: एका छपरावरील वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून जमा करावयाची. दिल्लीने अशा व्यवस्थेचे नियम २०१९ मध्येच केले. विणकरांच्या सहकारी संस्थेने गोदामाचे छप्पर दीर्घ मुदतीच्या कराराने घ्यावे, वीज वितरणाच्या जाळ्यात सोडावी आणि सभासदांच्या बिलांत ती वळती व्हावी, हे सहकाराच्या महाराष्ट्रात अशक्य वाटू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दुपारची वीज देऊन रात्रीची घ्यावयाची, तर रात्रीची वीज साठविणार कोण? कारण ती अद्याप मुख्यत्वे कोळशाचीच आहे. मोठे ग्राहक स्वतःची वीज करू लागले तर तारा-रोहित्रांचा स्थिर खर्च उरलेल्या गरीब ग्राहकांवर पडेल, हेही खरे. म्हणून जाळ्याच्या वापराचे वाजवी भाडे या संस्थांनी दिलेच पाहिजे. साठवणुकीचा धडा तर याच ठाणे जिल्ह्याच्या सीमेवर आहे. घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज मुबलक असताना पाणी वर चढवावयाचे, टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यावयाची. अशा साठवणुकीशिवाय सौरऊर्जा ही दिवसपाळीचीच राहील.

नियम कोणी करावयाचे?

सामाईक संपत्तीचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि पाळले तर ती टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी साधार दाखविले व त्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळविले. महाराष्ट्राला मात्र याचा पाठ त्याआधीच मिळाला होता. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने, भूमिहीनांनाही हक्क, उसाला बंदी. तत्त्व साधे होते: निसर्गाने जे दिले त्याचा हक्क मालमत्तेला चिकटवू नये.

भिवंडीला हेच तत्त्व लागू करावयास हवे. सवलतीच्या खर्चाचा एक भाग सामुदायिक सौरसंचांच्या भांडवलाकडे वळवावा. भाडेकरू विणकराला त्यात सभासदत्वाचा हक्क द्यावा. सायझिंगच्या लाकडामागे लागवडीचा आकार घ्यावा. आणि रंगाईच्या सांडपाण्याचे सामाईक शुद्धीकरण कारखानदारांच्या खर्चाने, पण विणकर व नदीकाठचे ग्रामस्थ यांच्या देखरेखीखाली चालावे. यांपैकी एकही गोष्ट तंत्रज्ञानासाठी अडलेली नाही. तसे न झाले तर सौरऊर्जाही ज्यांच्याकडे छपरे आहेत त्यांचीच होईल, आणि रात्रपाळीचा विणकर कोळशाच्या महाग विजेवर दुसऱ्याचा माग चालवीत राहील.