हत्तीपाय : सूज पायाची, भार साऱ्या घराचा

काही रोग माणसाला एका दिवसात अंथरुणाला खिळवतात. काही रोग मात्र वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम करतात आणि त्यांचा पत्ता लागतो तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. हत्तीरोग हा या दुसऱ्या प्रकारातला. आयुर्वेदात त्याला ‘श्लीपद’ असे नाव आहे आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत तो विशेषत्वाने होतो, हे प्राचीन वैद्यांनीही जाणले होते. महाराष्ट्रात विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तेथील बाजारपेठांत स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांनाही तो नवा नाही. तरीही घरात कोणाला हा रोग आहे, हे सहसा बोलले जात नाही. रुग्णाचे निम्मे दुःख या मौनातूनच उपजते.

रोगाचे कारण एक सूक्ष्म कृमी आहे. भारतात तो प्रामुख्याने क्युलेक्स जातीच्या डासामार्फत पसरतो आणि हा डास गटारे, सेप्टिक टँक, सांडपाण्याची डबकी अशा घाण पाण्यात वाढतो. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात या कृमीची पिल्ले आढळली. पुढे १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये डासाचा संबंध दाखवून दिला. ही पिल्ले दिवसा रक्तात जवळजवळ सापडत नाहीत, मध्यरात्रीच्या सुमारास मात्र विपुल असतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरून रक्ताचे नमुने घेतात. अवेळी आलेल्या या माणसांना दारातूनच परत पाठवू नये.

पूर्ण वाढलेले कृमी लसीकावाहिन्यांत घर करतात आणि तेथे सहा ते आठ वर्षे जगतात. पेशींमधील जादा पाणी परत रक्तात नेणे आणि जंतूंशी लढणे, ही या वाहिन्यांची कामे. त्या फुगतात, निकामी होतात आणि पाणी पायात साचू लागते. लागण बहुधा बालपणीच होते, सूज मात्र तरुणपणी किंवा त्याहूनही उशिरा दिसते. मधली सारी वर्षे माणूस धडधाकट दिसतो. तो दुकान सांभाळतो, खरेदीसाठी गावोगाव फिरतो आणि नकळत डासांमार्फत इतरांपर्यंत रोग पोहोचवतो.

आरंभीची सूज संध्याकाळी दिसते आणि रात्रभर विश्रांती घेतल्यावर उतरते. त्यामुळे ‘दिवसभर गादीवर बसून पाय भरले असतील’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. पुढे ती उतरेनाशी होते. कातडी जाड व टणक होते, तिला घड्या पडतात आणि घड्यांत ओल राहून भेगा व चिखल्या होतात. येथूनच रोगाचा सर्वांत त्रासदायक भाग सुरू होतो. बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून साधे जंतू आत शिरतात. निकामी वाहिन्या त्यांना अडवू शकत नाहीत. अचानक हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालबुंद होऊन ठणकू लागतो आणि रुग्ण काही दिवस उठू शकत नाही. असे झटके वर्षातून अनेकदा येऊ शकतात आणि प्रत्येक झटका सूज आणखी वाढवून जातो. हत्तीपाय जो पुढे भयंकर रूप धारण करतो, त्याला कृमीइतकेच हे वारंवारचे झटके जबाबदार असतात.

रोग केवळ पायापुरता राहत नाही. पुरुषांमध्ये अंडवृद्धी हे त्याचे फार मोठ्या प्रमाणावर आढळणारे रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे अडीच कोटी पुरुष या रोगाच्या अंडवृद्धीने, तर दीड कोटींहून अधिक लोक अवयवांच्या सुजेने ग्रस्त आहेत. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने दूर होते, तरी संकोचापोटी कित्येक जण ती वर्षानुवर्षे धोतर-पायजम्याआड लपवितात. काहींना दुधासारखी लघवी होते. तीतून स्निग्धांश व प्रथिने वाहून जातात आणि माणूस खंगत जातो. अशा रुग्णाला डॉक्टर तूप-तेल कमी करण्यास सांगतात, तेव्हा ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरच्यांनी प्रेमाने अधिक तूप वाढू नये. काही रुग्णांना रात्री कोरड्या खोकल्याची उबळ येते आणि वर्षानुवर्षे त्यावर दम्याचे उपचार चालतात.

हा रोग सहसा प्राण घेत नाही, पण माणसाचे समाजातील स्थान हळूहळू हिरावून घेतो. दुकानातील कर्ता पुरुष गल्ल्यावरून उठून आतल्या खोलीत जातो. आधी गिऱ्हाइकांसमोर येणे टाळतो, मग लग्नकार्याला जाणे आणि शेवटी मंदिरात जाणेही टाळतो. पादत्राणे काढून सर्वांसमोर पाय उघडा करणे त्याला नकोसे होते. सुनेच्या पायाला सूज असेल तर ती साडीच्या घोळात झाकली जाते. मुलीच्या असेल तर स्थळांना कळू नये म्हणून डॉक्टरकडे जाणेच लांबणीवर पडते आणि ज्या काळात उपचारांचा सर्वाधिक लाभ झाला असता तो काळ निघून जातो. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. हे एवढे जरी घरोघर कळले, तरी पुष्कळ रुग्ण आतल्या खोलीतून बाहेर येतील.

जुनी सूज औषधाने पूर्णपणे जात नाही, हे खरे. झटके मात्र थांबविता येतात आणि त्याचा उपाय विलक्षण साधा आहे. पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने हळुवार धुवावा. मऊ फडक्याने, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत, कोरडा टिपावा. भेगा वा चिखल्या असल्यास डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा. दुकानात बसताना तो तासन्‌तास खाली लोंबकळत ठेवू नये. समोर स्टूल घ्यावे आणि घोटा अधूनमधून वर-खाली, गोल फिरवावा. पादत्राणे सैल व मऊ असावीत. मंदिरातून अनवाणी परतल्यावर तळपाय धुऊन एखादी जखम झाली आहे का, हे पाहावे. झटका आला असता पूर्ण विश्रांती घ्यावी, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे. त्या काळात मालीश, व्यायाम व गरम शेक वर्ज्य मानावा.

रोग मुळातच होऊ नये यासाठी शासन सामुदायिक औषधोपचार मोहीम राबविते. तीत डीईसी व अल्बेंडाझोल आणि काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन या गोळ्या दिल्या जातात. ‘मला काही झालेले नाही, मी का घेऊ?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनच अधिक येतो आणि गोळ्या गल्ल्याच्या खणात पडून राहतात. परंतु निरोगी दिसणाऱ्यांच्या रक्तातच कृमीची पिल्ले असू शकतात. गावातील पुरेशा लोकांनी लागोपाठ काही वर्षे गोळ्या घेतल्या, तरच डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. गोळीनंतर कोणाला थोडा ताप, डोकेदुखी वा मळमळ झाली, तर ते बहुधा शरीरातील पिल्ले मरत असल्याचे लक्षण असते. त्रास अधिक वाटल्यास आरोग्य कर्मचाऱ्याला कळवावे. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देत नाहीत.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, हे जैन घरांनी विशेष लक्षात ठेवावे. मोहीम चातुर्मासात आली आणि घरात कोणाचा उपवास वा अठ्ठाई चालू असेल, तर कर्मचाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे आणि पारण्यानंतर, पोटात अन्न असताना, त्यांच्यासमोरच गोळ्या घ्याव्यात. तपश्चर्या गोळी टाळण्याची सबब होऊ नये आणि गोळीसाठी तप मोडण्याचीही गरज नाही.

औषधाने कृमी मरतात, तेव्हा ही हिंसा नव्हे का, अशी शंका धर्मनिष्ठ मनात येऊ शकते. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे प्रकार सांगून श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग अनिवार्य मानला आहे. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या देहाचे रक्षण करताना घडणारी हिंसा त्या कोटीत बसत नाही. त्याहून श्रेयस्कर मार्ग म्हणजे मारण्याची वेळच येऊ न देणे. साचलेल्या, घाण पाण्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते म्हणून पाणी साचू देऊ नये, ही शिकवण जैन घरांत लहानपणापासून दिली जाते. दुकानामागचे गटार वाहते ठेवणे, सेप्टिक टँकच्या नळीच्या तोंडाला जाळी वा फडके बांधणे, टाक्या झाकणे, रात्री मच्छरदाणी लावणे, ही सारी यतनाच होय. जेथे डास उपजतच नाही, तेथे त्याला मारण्याचा प्रश्नही उरत नाही.

चार दानांत औषधदानाची गणना आहे. पेढीवरचा नोकर, हमाल, घरकाम करणारी बाई यांच्यापैकी कोणाचा पाय सुजलेला दिसला, तर त्याला डॉक्टरांकडे पोहोचविणे, टब, साबण आणि टॉवेल मिळवून देणे, झटक्याच्या दिवसांची मजुरी न कापणे, हेही औषधदानच आहे. आणि असा रुग्ण स्वतःच्या घरात असेल, तर त्याला मानाने पुन्हा पेढीवर बसविण्यापासून या दानाचा आरंभ करावा.