उन्हाळी सहलीचे तास बदलायला हवेत

परीक्षा संपल्या, निकाल हाती आले की नांदुरा-मलकापूर-खामगाव पट्ट्यातल्या घराघरांत एकच विषय निघतो : यंदा पोरांना कुठे फिरवून आणायचे? महाबळेश्वर-काश्मीरचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, म्हणून नजर जवळपास वळते. आणि जवळपास पाहण्यासारख्या जागांना तोटा नाही. शेगाव तासाभरावर. अजिंठा, लोणार, सिंदखेडराजा, बऱ्हाणपूर ही ठिकाणे दोन-तीन तासांत गाठता येतात आणि त्याच दिवशी घरी परतता येते. दोन घरे मिळून एखादी गाडी भाड्याने ठरवतात, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, सोबत कैरीचे पन्हे. अडचण आहे ती घड्याळाची. सगळ्यांचे आवरून निघेपर्यंत आठ-साडेआठ होतात, ठिकाणावर पोहोचेपर्यंत अकरा. आणि ज्या चार तासांत विदर्भातला माणूस शक्यतो घराबाहेर पाऊल टाकत नाही, नेमक्या त्याच चार तासांत लहान मुले आणि सत्तरीचे आजी-आजोबा यांना घेऊन आपण तापल्या दगडांवरून हिंडतो. हे बदलायला हवे. एप्रिल ते जून या काळात सहल पहाटेपासून सकाळी दहापर्यंत आणि सायंकाळी पाच ते रात्री नऊ अशा दोन सत्रांत व्हावी, आणि ती तशी करता यावी म्हणून पर्यटनस्थळांच्या आणि एसटीच्या वेळा उन्हाळ्यापुरत्या बदलाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांना नुसते सल्ले देऊन भागणार नाही. दार उघडायची वेळच नऊची असेल, तर पहाटे निघालेला माणूस दाराबाहेर ताटकळत बसतो.

उन्हापुढे वेळापत्रक बदलावे लागते, हे आपल्या शासनाला ठाऊक नाही असे नाही. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. विदर्भातल्या शाळा मात्र उन्हामुळे त्यानंतर उघडतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले, कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय बंधनकारक केली आणि खासगी शिकवण्यांना दुपारचे तास टाळायला सांगितले. म्हणजे वर्गात पंख्याखाली बसणाऱ्या मुलासाठी दुपार धोक्याची मानली गेली. तेच मूल सुट्टीत आई-वडिलांबरोबर एखाद्या किल्ल्याच्या तटावर उभे असते, तेव्हा त्याच्या बाजूने वेळ बदलणारे कोणी नाही. उघड्यावर काढलेले काही तास काय करू शकतात, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसले. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लोक भर उन्हात बसून राहिले आणि उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. तिथले तापमान आपल्याकडच्या मे महिन्यापेक्षा बरेच कमी होते. कोकणातला दमटपणा वेगळा, हे खरे; पण सावली नसलेल्या जागी तासन् तास थांबणे हे मूळ कारण आपल्याही सहलींना लागू पडते.

लोणारचेच उदाहरण घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने काळ्या बसाल्ट खडकात घडले आहे. २०२० च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला, तेव्हापासून तिथे जाण्याची ओढ साहजिकच वाढली आहे. पण विवर म्हणजे चारी बाजूंनी कड असलेला खोलगट भाग. कडेवर थोडा तरी वारा लागतो. आत उतरावे तसा तो पडत जातो. मे महिन्यात आतल्या झाडांपैकी बरीच निष्पर्ण असतात, म्हणजे जंगल असूनही सावली विरळ. उतरताना काही जाणवत नाही, खरी परीक्षा चढणीवर होते, आणि ती चढण सकाळी अकराला उतरलेल्या माणसाच्या वाट्याला बरोबर एक-दीडच्या सुमाराला येते. पाण्याची बाटली तोपर्यंत संपलेली असते, उरलेले दोन घोट गरम झालेले असतात. तेच विवर सकाळी सहा वाजता पाहिले तर पूर्वेकडची कड सावली देते, पक्षी दिसतात, पाण्याचा रंग नीट कळतो, आणि नऊच्या आत माणूस वर येऊन गावातले दैत्यसूदन मंदिर पाहायला मोकळा होतो. जागा तीच, पण पाच तासांच्या फरकाने आनंद आणि फरफट यांची अदलाबदल होते. अजिंठ्याचेही तसेच. लेण्यांच्या आत गारवा असतो, पण तीसेक लेणी घोड्याच्या नालेसारख्या कड्यात पसरलेली आहेत, खाली वाघोरा नदी उन्हाळ्यात कोरडी असते आणि एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना कडा वरून आणि पायवाट खालून भाजून काढते. नांदुऱ्यात महामार्गालगत उभ्या असलेल्या १०५ फुटी हनुमानाचे दर्शन घ्यायला थांबणाऱ्या प्रवाशांनाही हे लागू आहे. अनवाणी पायांना दुपारची फरशी पोळते. सायंकाळी तीच जागा घटकाभर निवांत बसण्याची होते.

मग दुपारी काय करायचे, असा प्रश्न येईल. दुपार घरात किंवा दाट सावलीत काढणे हे उत्तर तर आहेच, पण आपल्या परिसरात त्याहून चांगले उत्तरही आहे आणि ते जुन्या काळच्या लोकांनी देऊन ठेवले आहे. मलकापूर-मुक्ताईनगर मार्गे बऱ्हाणपूर गाठले की तिथला कुंडी भंडारा पाहता येतो. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरापर्यंत आणण्याची ही योजना झाली. शंभराच्या वर कुंड्या ठरावीक अंतराने एका ओळीत आहेत. वरून पाहिले तर विहिरींची रांग वाटते, पण आतून त्या बोगद्याने जोडलेल्या आहेत आणि उतारामुळे पाणी आपोआप पुढे सरकते. ते पाहण्यासाठी सुमारे ८० फूट खाली उतरण्याची सोय केलेली आहे. वर ऊन रणरणत असताना खाली खडकातून पाझरणारे पाणी आणि ओलसर गार हवा असते. मुलांना भूगोलाच्या पुस्तकातला भूजल हा धडा समजवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. तापीकाठच्या शाही किल्ल्यातला हमाम, जाड भिंतींची जुनी देवळे आणि मशिदी या दुपारच्या जागा आहेत. तट, बुरूज, कडे, विवर या सकाळ-संध्याकाळच्या. आपल्या पट्ट्यातल्या ठिकाणांची अशी विभागणी करून ती फलकावर आणि प्रवासी माहितीत छापली, तर कुठे कधी जायचे याचा निम्मा गोंधळ मिटेल. संध्याकाळच्या ठिकाणांतही बुलढाण्याला पहिला मान द्यावा. मोताळ्यावरून राजूरचा घाट चढला की हवेतला फरक गाडीच्या काचा खाली करताच कळतो. नांदुऱ्याहून दुपारी चारनंतर निघून रात्री जेवायला घरी परतता येते, आणि तरीही हा बेत आपल्या सहलींच्या यादीत क्वचितच असतो.

वेळा बदलणे अशक्य आहे, हे म्हणणे टिकणारे नाही, कारण ते करून झालेले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१९ मध्ये देशातली दहा स्मारके रात्री नऊपर्यंत खुली ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि त्या दहांत विदर्भातलाच, गडचिरोली जिल्ह्यातला मार्कंडा मंदिरसमूह होता. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री ताजमहाल पाहता येतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते मेळघाटात पाणवठ्यांवरच्या मचाणांवर नागरिकांना बसवते. संख्या मोजकी, नोंदणी आधी, नियम कडक, पण जंगलासारख्या ठिकाणीसुद्धा ते निभावते. ग्रीसमध्ये जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत अथेन्सचे ॲक्रोपोलिस ऐन दुपारी काही तास बंद ठेवण्यात आले. जगभरातून आलेल्या पर्यटकांना तिथे परत पाठवता येते, तर आपल्याला आपल्याच लोकांसाठी दार दोन तास आधी उघडायला हरकत कोणती?

हरकती आहेत, आणि त्यांतल्या काही वजनदार आहेत. सहल हिवाळ्यातच काढा, हे सर्वांत सोपे उत्तर. पण ते शहरी नोकरदाराचे उत्तर आहे. हिवाळ्यात आपल्याकडे कापूस वेचणीला येतो, तूर काढणीला येते, हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि मुलांची शाळा चालू असते. शेतकरी कुटुंबाला सवड मिळते ती रब्बी आटोपल्यावर आणि पेरणीच्या आधी, म्हणजे उन्हाळ्यातच. दुसरी हरकत सुरक्षिततेची : अंधारात बायका-मुलांना घेऊन अपरिचित जागी कसे फिरायचे? ही रास्त आहे, म्हणूनच मी पहाटेच्या सत्रावर अधिक भर देतो, आणि सायंकाळचे सत्र जिथे वस्ती, दिवे आणि पहारा आहे अशाच ठिकाणी असावे असे मानतो. लोणार अभयारण्य आहे, ज्ञानगंगा आणि अंबाबरवाही. तिथे रात्रीचा वावर नकोच. कर्मचारी कुठून आणायचे, ही तिसरी हरकत. पण दुपारचे चार तास तिकीटखिडकी बंद ठेवली तर एकूण तास तेवढेच राहतात, आणि भर उन्हात पहारा देणाऱ्या माणसालाही विसावा मिळतो. त्याचा विचार या चर्चेत कोणी करत नाही, तो व्हायला हवा. मधली सुट्टी मोठी असल्याने त्याला दुहेरी खेप पडते, तेवढा भत्ता दिला पाहिजे. वातानुकूलित गाडी असल्यावर उन्हाचे काय, असेही काही जण म्हणतात. गाडी वाहनतळावर थांबते, माणूस पुढे चालत जातो. गारव्यातून एकदम ४४ अंशांत आल्यावर शरीराला सोसावे लागते ते वेगळेच. शिवाय अशी गाडी नसलेल्यांचे काय?

त्यांच्यासाठी एसटी आहे, आणि शासनाने प्रवास स्वस्तही केला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. आजी, आई आणि मुली मिळून लोणारला जाऊ शकतील इतके भाडे आता आवाक्यात आहे. मात्र मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद या आगारांतून पहाटे साडेचार-पाचला सुटून दुपारच्या आत परत आणणाऱ्या उन्हाळी सहल-फेऱ्या हव्यात. त्या नसतील तर सवलतीचे तिकीट घेऊन माणूस पुन्हा अकराच्या उन्हातच उतरणार. शेगावला रेल्वेने जाता येते, म्हणून तिथला प्रश्न हलका आहे. लोणार-सिंदखेडराजाला तो पर्याय नाही. रस्त्याबद्दल मात्र आपल्याला तक्रारीला जागा कमी उरली आहे. नांदुऱ्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरच अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. पूर्वी या रस्त्यांवर उन्हाळ्यात गावोगावच्या पाणपोया दिसत : मांडवाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, तांब्या, आणि पाणी ओतून देणारे कोणीतरी. चौपदरी झालेल्या रस्त्यावर थांबायला सावलीच राहिली नाही, कारण रुंदीकरणात जुनी कडुनिंबाची आणि चिंचेची झाडे गेली. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर झाडांच्या सावलीत पाणी, स्वच्छतागृह आणि बसायला ओटा असा थांबा उभारणे विक्रमी डांबरीकरणाच्या मानाने किरकोळ काम आहे.

यातली बहुतेक कामे एका खात्याची नाहीत : स्मारके केंद्र आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागांकडे, विवराचा परिसर वनखात्याकडे, बस परिवहन महामंडळाकडे, महामार्ग प्राधिकरणाकडे. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी फेब्रुवारीतच या सगळ्यांना एकत्र बसवावे आणि होळीपर्यंत उन्हाळी वेळापत्रक जाहीर करावे. पहिल्या वर्षी फक्त लोणार, सिंदखेडराजा आणि मलकापूर आगाराच्या दोन फेऱ्या एवढेच घेतले तरी चालेल. किती माणसे पहाटे आली आणि दुपारची गर्दी किती घटली, हे तिकिटांच्या नोंदीवरून मे अखेरीला कळेल.