गांजा हे कोरडवाहू पीक नव्हे

बारामती-इंदापूरच्या जिरायत गावांत बैठक घेतली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, टेलला पाणी पोचत नाही, डाळिंबाला तेल्या सोडत नाही, कांद्याचा खर्च निघत नाही. मग सरकार गांजाला परवानगी का देत नाही?" बैठकीत हशा पिकतो. पण विचारणारा सगळाच चेष्टेत नसतो. ऑगस्ट 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकर गांजा लावण्याची परवानगी रीतसर अर्ज करून मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्यातले गाऱ्हाणे होते. गाऱ्हाणे खरेच आहे. पण त्यावरचा हा इलाज शेतीच्या हिशेबातही बसत नाही आणि कायद्याच्याही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला गैरसमज पाण्याचा. भांगेचे झाड उकिरड्यावर आपोआप वाढते, म्हणजे त्याला पाणी लागत नाही, असे लोक धरून चालतात. अहो, बांधावर टोमॅटोचे रोपही आपोआप येते, म्हणून टोमॅटो कोरडवाहू होतो का? झाड तगणे वेगळे आणि पदरात माल पडणे वेगळे. आपल्याकडे वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही खंड पाडून, आणि उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे. त्यात हे झाड दिवस लहान होऊ लागला की फुलोऱ्यावर येणारे. खरिपात फुलोरा नेमका परतीच्या पावसात सापडतो आणि शेंडे बुरशीने कुजतात. पोलीस कारवाईच्या बातम्या नीट वाचा. गांजा सापडतो तो उसात, मक्यात, केळीत. खडकाळ माळावर नव्हे. आडोसा हे एक कारण, पण पाटाचे नाहीतर ठिबकचे पाणीही तिथेच असते. मोरोक्को देशात रिफच्या डोंगरात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे जास्त माल देणारे नवे वाण आले आणि विहिरी-झऱ्यांवर ताण वाढला. आपल्या बोअरची खोली आपल्याला माहीत आहे.

दुसरा गैरसमज भावाचा. चोरट्या मालाला भाव चढा दिसतो तो चोरीमुळे. परवाना आला की तो भाव राहत नाही. अमेरिकेत 2018 च्या शेती कायद्याने कमी नशेच्या औद्योगिक भांगेला मोकळीक दिली. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांनी धडाधड लागवडी केल्या आणि दर कोसळले. आपल्याकडे ईमूचे काय झाले? 2019 मध्ये कडकनाथ कोंबडीच्या नावाखाली सांगली-कोल्हापूरकडे किती जण बुडाले? घेणारा कोण हे ठरल्याशिवाय पीक ठरवू नये.

काही वयस्कर मंडळी सांगतात, इंग्रजांच्या काळी नगर जिल्ह्यात गांजा पिकत होता. खरे आहे. पण तो परवान्याने पिके आणि त्यावर सरकारचा कर असे. आज 1985 चा अंमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. त्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. याच कायद्याच्या कलम 14 नुसार फक्त धागा वा बियाण्यासारख्या औद्योगिक कामासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने 2018 पासून ती वाट धरली, पण तिथे नशेच्या घटकाचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत लागते. तसा लेखी परवाना हातात नसताना कोणी "सरकारमान्य हेम्प" म्हणून बियाणे विकत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. हिरवळीच्या खताचा ताग मात्र वेगळा. त्याला इंग्रजीत सनहेम्प म्हणत असले तरी त्याचा गांजाशी संबंध नाही. तो बिनधास्त पेरा.

खरी काळजी वाटते ती वाट्याने दिलेल्या रानांची. मालक नोकरीला पुण्यात किंवा पिंपरीत, रान वाटेकऱ्याकडे, आणि उसाच्या मधोमध दहा झाडे. छापा पडला की सातबारा कोणाचा, हे आधी पाहिले जाते. मला माहीत नव्हते, हे पटवून देता देता जामीन, वकील, कोर्टाच्या तारखा यांत जमीन विकायची पाळी येते. म्हणून महिन्यातून एकदा तरी आपल्या रानात आतपर्यंत फिरा. बेकायदा झाड दिसले तर गुपचूप उपटून टाकू नका. ताबडतोब पोलिसांना कळवा. कलम 46 प्रमाणे ती जमीनधारकाची जबाबदारीच आहे.

सरपंच, पंच, पोलीस पाटील, तलाठी आणि आम्ही कृषी खात्याचे लोक यांनाही सुटका नाही. कलम 47 नुसार माहिती कळताच कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि जाणूनबुजून टाळले तर शिक्षा आपल्यालाही आहे. "गावातलाच आहे, जाऊ द्या" म्हणून डोळेझाक केली, तर गावातल्याच एका घराचा सत्यानाश होतो. बातमी पोलिसांपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी ग्रामसभेत हा कायदा एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

राहिला प्रश्न कमी पाण्याच्या रानाचा. त्याला सीताफळ आहे, बोर आहे, रब्बीची मालदांडी ज्वारी आहे. मुरमाड जमिनीत ड्रॅगन फ्रूट कसे येते, हे माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने करून दाखवले आहे. फळबागेसाठी भाऊसाहेब फुंडकर योजना 2018 पासून आहे. यातले काहीही एका वर्षात लखपती करणार नाही, हे मी आधीच सांगतो. भावाचे भांडण तर बाकीच आहे. ते जरूर करा, बाजार समितीत करा, तहसील कचेरीवर करा. गांजाचा अर्ज दिला की मात्र चर्चा गांजाचीच होते आणि कांद्याचा भाव बाजूला राहतो.