गाणे कुणाच्या खाती?

बँकेत तेहेतीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण कुणी कुणाला तारणाशिवाय पैसे दिल्याची गोष्ट वाचायला घेतली की मी आधी शेवटचे पान उघडून बघतो. फिटले की बुडाले?

अशीच एक गोष्ट १९७२ सालच्या लंडनमधली आहे. जमैकातून आलेले तीन तरुण गवई तिथे अडकून पडले होते. परत जायलाही हातात पैसे नव्हते. ते आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीच्या क्रिस ब्लॅकवेलला भेटायला गेले. ब्लॅकवेल गोरा असला तरी जमैकात वाढलेला होता. तिघांकडे एकदा नीट बघून त्याने चार हजार पौंड देऊ केले. घरी जा आणि एक लाँगप्ले रेकॉर्ड तयार करून आणा, एवढीच अट. करारपत्र नाही, जामीनदार नाही. पैसे पाण्यात गेले असे समज, असे धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला सांगितले. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मीही तेच सांगितले असते, आणि शेऱ्याखाली तारीख घालून सही केली असती.

पैसे बुडाले नाहीत. काही महिन्यांनी ब्लॅकवेल किंग्स्टनला गेला, तेव्हा रक्कम ध्वनिमुद्रणात खर्ची पडल्याचे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. १९७३ च्या एप्रिलमध्ये ती रेकॉर्ड 'कॅच अ फायर' या नावाने बाजारात आली. पथकाचे नाव होते 'द वेलर्स'. गाणारे तिघे म्हणजे बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन. रेगे नावाचे संगीत जगभर पोहोचले, त्यात या रेकॉर्डचा वाटा मोठा आहे. पुढे २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

माझ्या पिढीला जमैका ठाऊक झाले ते रेडिओवरून, किंग्स्टनच्या सबिना पार्कमुळे. १९७१ च्या फेब्रुवारीत दिलीप सरदेसाईंनी तिथे २१२ धावा काढल्या आणि अजित वाडेकरांनी वेस्ट इंडीजला चक्क फॉलोऑन दिला. त्याच शहराच्या पश्चिमेकडच्या ट्रेंच टाउन नावाच्या गरीब वस्तीतून आलेली ही मुले तेव्हा गाणी मुद्रित करत होती, हे आम्हाला कुठून कळणार?

मला ते कळले पुष्कळ उशिरा, मुंबईत फोर्टमधल्या शाखेत असताना. आमचे एक गोवेकर सहकारी होते. दिवसभर क्लिअरिंगचे चेक बघायचे आणि शनिवार-रविवारी लग्नाच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. एकदा त्यांनी मला मार्लीची कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी मी आवाजाची तारीफ करू लागलो, तर म्हणाले, "अरे, वरचं सगळेच ऐकतात. तू खालचं ऐक."

खालचे ऐकायला मला वेळ लागला. आपल्या कानांना समेची सवय आहे. गवई कितीही फिरून आला तरी समेवर येणार आणि आपली मान हलणार. रेगेच्या 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात चारांपैकी पहिली मात्रा रिकामीच जाते आणि आघात पडतो तिसरीवर. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक झणत्कार. जिथे पाय टेकायचा तिथे जमीनच नाही, अशी आपली अवस्था होते. मग या मोकळ्या जागेतून बास गिटारचा जाड, संथ आवाज चालत येतो आणि गाणे सावरून धरतो. कित्येक गाण्यांत तर शब्दांआधी हा बासच तोंडात बसतो. तो वाजवणाऱ्याचे नाव अ‍ॅस्टन बॅरेट, टोपणनाव 'फॅमिली मॅन'. ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ कार्लटन. थोरल्याने आपले पहिले वाद्य प्लायवूड आणि पडद्याच्या दांड्यापासून बनवले होते, तर धाकट्याने रंगाच्या रिकाम्या डब्यांचे ड्रम केले होते.

हे दोघे पथकात आले १९७० च्या सुमारास. गाणाऱ्या तिघांची वाट त्याआधीच सुरू झाली होती. बॉब १९४५ साली सेंट अ‍ॅन परगण्यातल्या नाइन माइल या खेड्यात जन्मला. आई कृष्णवर्णीय, बाप साठीच्या आसपासचा गोरा, असून नसल्यासारखा. बनी त्याचा बालमित्र. पुढे बॉबची आई आणि बनीचे वडील ट्रेंच टाउनमध्ये एकत्र राहू लागले आणि ही दोन पोरे एका घरात भावांसारखी वाढली. बनीची पहिली गिटार बांबू, सार्डिन माशांचा डबा आणि विजेच्या तारा यांची होती. पीटर वेस्टमोरलंडच्या ग्रामीण भागातून शहरात आलेला. वाद्यात तिघांत तोच तयारीचा. या मुलांना आवाजात आवाज कसा मिसळायचा ते शिकवले जो हिग्ज या वस्तीतल्याच गायकाने, आपल्या अंगणात बसवून, एक पैसा न घेता.

१९६२ साली जमैका स्वतंत्र झाली. त्या भरात स्का नावाचे उडते संगीत जोरात होते आणि १९६४ च्या सुमारास या मुलांचे पहिले गाणे गाजले. नाव झाले, पैसा मात्र स्टुडिओच्या मालकाकडे राहिला. १९६६ साली बॉब आईपाठोपाठ अमेरिकेत डेलावेअरला गेला आणि मोटारीच्या कारखान्यात राबून परत आला. बनीला १९६७ साली गांजापायी तुरुंगात जावे लागले. हा शब्द तिकडे नेला आपल्याच लोकांनी. १८४५ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांच्याबरोबर तो जमैकाच्या बोलीत शिरला. दरम्यान स्का मंदावत रॉकस्टेडी झाले आणि १९६८ च्या सुमारास त्याला रेगे हे नाव पडले.

म्हणजे ब्लॅकवेलसमोर उभे होते ते नवखे गवई नव्हते. दहा वर्षे फसवणूक सोसून तयार झालेले ते कसबी कलावंत होते. पण पहिल्या यशातच फाटाफूट झाली. बनीला परदेशचे दौरे नकोसे झाले. तिथली थंडी, अन्न, गाण्याच्या जागा, काहीच त्याच्या राहणीत बसेना. १९७३ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याच्या जागी उभे राहिले साक्षात गुरुजी, जो हिग्ज. शिष्याची रिकामी जागा गुरूने भरल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे पीटरही गेला. १९७४ नंतर रेकॉर्डवर नाव येऊ लागले 'बॉब मार्ली अँड द वेलर्स'. तिघांची भागीदारी मोडून एकाच्या मालकीची पेढी झाली, असे आमच्या भाषेत म्हणता येईल. फॅमिली मॅन आणि कार्लटन मात्र थांबले. पथकाची बांधणी त्यांच्याच हाती राहिली.

पुढची वर्षे मार्लीची. १९७६ च्या डिसेंबरात त्याच्या घरात शिरून मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, आणि दोनच दिवसांनी हा जखमी माणूस गायला उभा राहिला. १९८० च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाले तेव्हा स्वखर्चाने सारा सरंजाम घेऊन तो गेला. त्या सोहळ्याला आपल्या इंदिरा गांधीही हजर होत्या. बाहेरची गर्दी आत घुसू लागली म्हणून अश्रुधूर सोडावा लागला. ज्यांच्यासाठी गायचे ते बाहेरच राहिले, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गायला. ११ मे १९८१ रोजी कर्करोगाने तो गेला. वय अवघे छत्तीस.

इतरांचा हिशेब मी थोडक्यात मांडतो, कारण जगानेही तो थोडक्यातच मांडला. कार्लटन बॅरेटला १९८७ च्या एप्रिलमध्ये घराच्या दाराशी गोळी घालून मारले. त्याच वर्षी सप्टेंबरात पीटर टॉश स्वतःच्या घरात बंदुकीला बळी पडला. बनीने आपली वेगळी कंपनी काढली होती. त्याने तीन ग्रॅमी पारितोषिके मिळवली आणि २०२१ साली तो वारला. फॅमिली मॅन २०२४ च्या फेब्रुवारीत गेला.

मार्लीने मृत्युपत्र केले नव्हते. मृत्यूची तयारी करणे रास्ताफारी श्रद्धेत बसत नाही, असे त्याचे कारण सांगतात. श्रद्धा आपल्या जागी, पण मागे कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या. फॅमिली मॅनने १९९४ साली तडजोड केली आणि काही लाख डॉलर घेऊन पुढच्या हक्कांवर पाणी सोडले. नंतर त्याला वाटले की आपला आणि मेलेल्या भावाचा वाटा बुडाला. त्याने लंडनच्या न्यायालयात सहा कोटी पौंडांचा दावा लावला. २००६ च्या मे महिन्यात तो दावा फेटाळला गेला. तडजोडीवर सही होती आणि सही बांधील असते. त्या न्यायाधीशाच्या जागी मी असतो तर कागद बघून मलाही दुसरे काही म्हणता आले नसते.

याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवून बघा. ट्रेंच टाउनमध्ये व्हिन्सेंट फोर्ड नावाचा मार्लीचा मित्र होता. मधुमेहाने पाय गेलेले. वस्तीतल्या भुकेल्यांसाठी तो सूपचे अन्नछत्र चालवायचा. मार्लीच्या अतिशय गाजलेल्या 'नो वूमन, नो क्राय' या गाण्यावर गीतकार म्हणून या फोर्डचे नाव आहे. मार्लीने जुन्या प्रकाशकाशी झालेल्या करारातून सुटण्यासाठी काही गाण्यांवर मित्रांची नावे घातली, हा डाव २०१४ सालच्या लंडनमधल्या खटल्यातही चर्चेला आला. डाव असेल. पण २००८ साली मरेपर्यंत त्या माणसाच्या नावावर एक गाणे होते.

एकाला मैत्रीखातर नाव मिळाले आणि दुसऱ्याला काम करूनही नाही. यात लबाडी कुणाची, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. अडचण वहीच्या आखणीत आहे. कायद्याच्या वहीत शब्दांना रकाना आहे, चालीला रकाना आहे. ठेक्याला आणि खालच्या त्या आवाजाला नाही. ज्याच्यावर सगळे गाणे उभे, ते साथ या सदरात जाते, आणि साथीचे पैसे त्या दिवशीच चुकते झालेले असतात.

एवढे ठासून लिहिण्याचा मला अधिकार आहे का, असे कुणी विचारले तर उत्तर देणे अवघड जाईल. १९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तीन बँडवाले खाते उघडायला आणि वाद्यांसाठी कर्ज मागायला आले. एक क्लॅरिनेट वाजवायचा, एक ट्रम्पेट, एक ढोल. तिघांचा धंदा, वाटे सारखे. भागीदारीचा दस्त, त्याची नोंदणी, प्रत्येक कागदावर तीन सह्या, हे सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मी म्हणालो, "कशाला व्याप वाढवता? थोरले कोण तुमच्यात? त्यांच्या नावावर करू या." क्लॅरिनेटवाले थोरले होते. तिघांनाही ते पटले. बँडला नावही त्यांचेच पडले. कर्ज मुदतीत फिटले. आमच्या दृष्टीने खाते उत्तम.

सात वर्षांनी तपासणीसाठी मी त्या शाखेत गेलो, तेव्हा ढोलवाला भेटायला आला. थोरले वारले होते, मुलाने धंदा हातात घेतला होता आणि याला रोजावर ये म्हणून सांगितले होते. "साहेब, ठेका माझाच हाय अजून," तो म्हणाला, "पर कागदावर मी कुठंच न्हाई म्हनत्यात." मी लेजर मागवले. खरेच, तो कुठेच नव्हता. तुम्हीच तसे करायला सांगितले होते, असे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरे वाटले असते. मी चहा मागवला. त्याने तो घेतला आणि गेला.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला बळ आले, वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचाही त्यात विचार झाला. पण कायदा कागद मागतो, आणि कागद करायची वेळ असते ती पैसा येण्याआधीची, सगळे एका ताटात जेवत असतात तेव्हाची. ऑर्केस्ट्रा असो, तमाशाचा फड असो की कॉलेजातल्या चार मुलांनी काढलेला बँड असो, पहिल्या सुपारीच्या आधी एका कागदावर सगळ्यांची नावे आणि वाटे लिहून सह्या कराव्यात. आपापसात लिहिणे बरे दिसत नाही, असे तेव्हा वाटते. ते संकोचाचे पाच मिनिट सोसावेत. आणि टेबलापलीकडे माझ्यासारखा कुणी बसला असेल, तर त्याने व्याप वाढतो म्हणून नावे कमी करू नयेत.

मास्तरांची कॅसेट केव्हाच घासून गेली. आता नातू फोनवर गाणी लावून देतो. मार्लीचा आवाज सुरू होतो आणि मी सवयीने खालचे ऐकू लागतो. फिटले की बुडाले, हा प्रश्न मी जन्मभर विचारला. चार हजार पौंडांचे तर सोने झाले. पण जमा झाले ते कुणाकुणाच्या नावावर, हेही त्याच वेळी विचारायला हवे होते. नोकरीत असताना ते मला सुचले नाही.