चढण आणि जखडलेले चाक

गेल्या वर्षी शाळेच्या सायकल-मंडळाने सड्यावर जाणाऱ्या रस्त्याने चढणीची स्पर्धा घेतली. तेव्हापासून एक सूचना वरचेवर आमच्या कानी येत आहे. गिअरच्या सायकलींमुळे मुले सुखासीन होत चालली आहेत. सबब यंदा सर्व स्पर्धकांना मागचे चाक जखडलेल्या, जुन्या पद्धतीच्या सायकली द्याव्यात आणि त्यांचा खरा कस पाहावा, अशी ती सूचना. सूचना करणारे आमचे स्नेही आहेत. आम्ही स्वतः सहा वर्षे अशीच सायकल चालवीत असल्यामुळे आमचा पाठिंबा त्यांनी गृहीतच धरला होता. तो आम्हांला देता येत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. त्यातील लहानशी कुत्री पायडल मारताना दात्यांत अडकतात आणि पाय थांबले की टकटक करीत दात्यांवरून घसरतात; म्हणूनच उतारावर पाय स्वस्थ ठेवून वारा खात जाता येते. जखडलेल्या चाकाला, सायकलवाल्यांच्या भाषेत फिक्स व्हीलला, ही सोय नाही. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरते आहे तोवर पायही फिरणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक साऱ्या सायकली अशाच होत्या.

अशा सायकलीवर चढणीचा सराव करण्यात गोडी आहे, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. चढताना पाऊल जेव्हा अगदी वर किंवा अगदी खाली येते, तेव्हा पायाचा जोर व्यर्थ जातो. फ्रीव्हीलवर त्या क्षणी पाय रेंगाळला तरी आपल्याला उमगत नाही. जखडलेल्या चाकावर तो रेंगाळू लागताच पायडल त्याला पुढे ओढते, आणि आपण कोठे आळस केला ते तळव्याला तत्काळ कळते. असे महिनाभर चालले की पायाला वर्तुळाकार फिरण्याचे वळण लागते. मात्र या गोष्टीचे अवास्तव स्तोम माजवू नये. चाक आपल्याला वर ढकलते, असे सांगणारे काही उत्साही गृहस्थ भेटतात. ते खरे नव्हे. चाकाने जे दिले ते आधी आपल्याच पायांनी त्यात घातलेले असते, आणि तीव्र चढणीवर, वेग मंदावल्यावर, ती शिल्लकही फारशी उरत नाही. मांड्यांचे बळ कोणत्याही सायकलीवर वाढेल. या सायकलीपासून मिळते ती सवय, बळ नव्हे.

खरा पेच दात्यांच्या हिशेबात आहे. गणिताची धास्ती घेणाऱ्यांनीही येथे थोडा धीर धरावा. आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला 44 दाते आहेत, मागच्याला 18 होते, आणि चाके 28 इंची. पायडलचा एक फेरा झाला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी 9 किलोमीटर वेगाने चढायचे तर मिनिटाला जेमतेम 27 फेरे होतात. म्हणजे प्रत्येक फेरा दगड उचलल्यासारखा, आणि तो सारा भार गुडघ्यावर. मग आम्ही मागे 22 दात्यांचे चक्र बसविले. आता एका फेऱ्यात साडेचार मीटर अंतर जाते. त्याच वेगाला मिनिटाला 33 फेरे पडतात आणि चढण पुष्कळच सुसह्य होते. पण चढलेला माणूस उतरतोही. ताशी 40 किलोमीटर वेगाने उतरताना पूर्वी पायांना मिनिटाला 122 फेरे घ्यावे लागत. नव्या चक्राने ते दीडशेच्या घरात गेले. चढणीवर जी दया मिळविली तिची भरपाई उतारावर, तीही व्याजासकट! आमच्या कोंकणीत 'चडप' आणि 'देंवप' हे दोन निराळे शब्द आहेत, पण या सायकलीला दोहोंसाठी चक्र एकच.

हा वाद आमच्या गावात जन्मलेला नाही. फ्रान्समध्ये तो शंभर वर्षांपूर्वी मोठ्या हिरिरीने खेळला गेला. एका बाजूस होते आंरी देग्रांज. 1893 साली पॅरिसच्या धावपट्टीवर एका तासात 35 किलोमीटर आणि 325 मीटर अंतर कापून त्यांनी विक्रम नोंदविला होता. पुढे 1903 साली त्यांच्याच वृत्तपत्राने 'टूर दे फ्रान्स' ही स्पर्धा सुरू केली. दुसऱ्या बाजूस होते सेंत-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते आपले सायकलविषयक मासिक चालवीत, गावाच्या दक्षिणेकडील 1161 मीटर उंचीच्या खिंडीवर पुनःपुन्हा चढत, आणि चढणीप्रमाणे दात्यांचे प्रमाण बदलणारी यंत्रे स्वतःच्या पायांवर पारखून घेत. 1902 साली डोंगराळ मार्गावर एक चाचणी झाली. तीत बदलत्या गिअरच्या सायकलीवर बसलेल्या मार्थ हेस या बाईंनी एकाच गिअरवर चालविणाऱ्या नामांकित स्पर्धकाला मागे टाकले. यावर देग्रांज यांनी लिहिले, त्याचा आशय असा की, असली यंत्रे पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांसाठी ठीक आहेत. आपल्याला जखडलेले चाकच बरे. त्या वेळी त्यांचे वय सदतीस होते, म्हणजे साधारण आमच्याइतकेच, आणि या वयात अशी वाक्ये सहज सुचतात हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

देग्रांज यांचे मत त्यांच्यापुरते राहिले असते तर कोणाची तक्रार नव्हती. परंतु स्पर्धा त्यांच्या हाती होती. 1910 साली तिचा मार्ग पिरेनीज पर्वतातून, 2115 मीटर उंच तुर्माले खिंडीवरून गेला. पुढे कित्येक वर्षे स्पर्धक चढणीच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढीत, उलटे करून बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चढत. माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप. धावत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या यंत्रांना स्पर्धेत मोकळीक मिळाली ती 1937 साली, देग्रांज यांनी सूत्रे खाली ठेवल्यानंतर. त्यामुळे चढणारे दुबळे झाले, असे कोणी म्हणेल काय? व्हेलोसिओ यांनी सायकलस्वारांसाठी जे सात नियम घालून दिले त्यांतला शेवटचा नियम, केवळ मिरविण्यासाठी कधीही पायडल मारू नये, असा आहे. आमच्या स्नेह्यांनी त्याचा विचार करावा.

इंग्लंडमध्ये या गोष्टीला अधिक समंजस वळण लागले. तेथील कॅटफर्ड क्लब 1887 पासून केंट परगण्यात चढणीची शर्यत भरवितो. जखडलेल्या चाकाची सायकल हलकी होते, म्हणून अनेक स्पर्धक चढणीच्या शर्यतीत ती आपखुशीने निवडत आले. शर्यत माथ्यावरच संपत असल्याने उताराचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ब्रिटनच्या 1983 च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या अशा सायकलीला निदान पुढचा ब्रेक असावाच लागतो. जखडलेले चाक हा मागचा ब्रेक मानला, तरी पुढच्याची सुटका नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. 22 दात्यांचे चक्र बसविल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आम्ही सड्यावरून उतरत होतो. ब्रेक वेळीच दाबला नाही. वेग वाढला, पाय मागे पडले आणि जुन्या सवयीने ते क्षणभर थांबविण्याचा प्रयत्न केला. पायडलने आम्हांला अक्षरशः उचलून चिऱ्यांच्या गडग्यावर टाकले. खांद्याची खूण अजून आहे. तिचे आम्हांला फारसे वाटत नाही. शहाणपण थोडक्यात पदरी पडले.

वाटते ते दुसऱ्या एका प्रसंगाचे. मागचे चक्र 18 दात्यांचे होते त्या काळात नववीतल्या एका मुलाने आमची सायकल मागितली. मुलगा जिद्दीचा. आम्ही त्याला मोठ्या ऐटीत बजावले की, माथा येईपर्यंत पाय टेकायचा नाही. त्याने टेकला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली. चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. आवाज न चढविता ती म्हणाली, "सर, भुरगो वयर पावलो, पूण आतां ताका घरचीं सोपणां चडूंक जायनात." गुडघा सुजला होता. तीन आठवडे तो मुलगा लंगडत वर्गात येत होता, आणि आम्ही त्याला पाहत होतो. त्याच्या उंचीला, वजनाला ते प्रमाण झेपेल की नाही, हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. पाय टेकण्यात कमीपणा आहे, हे आम्हीच त्याच्या मनात भरविले होते. त्याने आम्हांला दोष दिला नाही, हे आम्हांला अधिक लागले.

तेव्हा सर्वांवर एकच चक्र लादण्याच्या सूचनेला आमचा विरोध आहे. ज्यांना गिअरच्या सायकली आहेत त्यांनी त्या आणाव्यात. ज्यांच्या घरी वडिलांची जुनी काळी सायकल आहे त्यांनी ती आणावी, त्यांची वेळ निराळी नोंदवू. मध्येच उतरून सायकल ढकलीत नेणाऱ्याचे नाव यादीतून कापले जाणार नाही. शर्यत माथ्यावरील वडाखाली संपेल आणि उतरताना सर्वजण सायकली हाती धरून चालत येतील, आम्हीसुद्धा.

आमची सायकल ज्यांना शिकायची असेल त्यांनी शनिवारी सकाळी सहा वाजता पायथ्याशी यावे. पालकांची चिठ्ठी आणावी, आणि पायजम्याचे टोक साखळीत जाऊ नये म्हणून एक दोरीचा तुकडा. पहिले तीन शनिवार चढण नाही. सपाट रस्त्यावर पुढचा ब्रेक लावायला शिकायचे. गुडघा दुखू लागला तर पाय टेकायचा आणि तसे आम्हांला सांगायचे.