व्रत आणि तुच्छता

आषाढसरी कोसळू लागल्या की सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद, संग्रामपूर भागातील बाजारांत तरोटा, करटुली अशा रानभाज्या येतात. नेमका त्याच सुमारास चातुर्मास आरंभतो आणि अनेक जैन घरांतून पालेभाजी वर्ज्य होते. पावसाळ्यात ओल्या पानांवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक. त्यांची विराधना टळावी, हा त्यामागील हेतू. अजाण फळ न खाण्याचा नियमही विवेकाचाच आहे. वंकचूलाने तो पाळला म्हणून तो वाचला. किंपाक फळे खाणारे त्याचे सोबती प्राणास मुकले.

परंतु या नियमांच्या आडोशाला कधी कधी निराळीच भावना वाढते. ‘ही दुष्काळातली भाजी, गरिबांनी खायची,’ असे मुलांच्या देखत सहज बोलले जाते. 1972च्या दुष्काळात अशाच पाल्याने अनेकांच्या चुली पेटत्या ठेवल्या, याचे स्मरण राहत नाही. तरोट्याच्या बियांचा व्यापार चालतो. त्यांपासून काढलेला डिंक परदेशी जातो. बियांचा सौदा करताना कमीपणा वाटत नाही, मग पाल्याचे नाव निघताच नाक का मुरडावे? तेथे व्रत नसते, अहंकार असतो.

षट्लेश्यांचे चित्र बहुतेक श्रावकांनी पाहिलेले असते. भुकेल्या सहा जणांना फळांनी लगडलेले जांभळाचे झाड दिसते. एक ते मुळासकट तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस. पाचवा केवळ पिकली फळे तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. भूक सर्वांची एकच, भाव मात्र भिन्न.

करटुलीचा वेल दर पावसाळ्यात जमिनीतील जुन्या कंदातून फुटतो. जाणती आदिवासी स्त्री फळे तेवढी खुडते, कंदाला हात लावीत नाही. जे शहरी ग्राहकाला अजाण, ते तिला पिढ्यान्‌पिढ्या ज्ञात असते. तिच्या टोपलीत केवळ भाजी नसते, संयमही असतो.

ज्याचा नियम आहे त्याने तो निष्ठेने पाळावा. ज्याचा नाही त्याने जाणत्याकडून ओळखून, नीट निवडून घ्यावे आणि उचित मोल द्यावे. दारी आलेल्या विक्रेतीला ‘बाई, आमचा चातुर्मास आहे’ असे सांगता येते. ‘असले काही आम्ही खात नाही’ असेही सांगता येते. टोपली दोन्ही वेळा परतच जाते. पण पहिल्या उत्तराने व्रत राखले जाते, दुसऱ्याने एका जिवाचे मन दुखावते.